बाजार उघडा असताना

यजमान जाऊन आता वर्ष होईल, तरी शेअरचा बाजार पडला की मागच्या खोलीतून त्यांचा आवाज येतो. मेंढरं थोपवताना जिभेनं काढतात तो, टक् टक्. मी उठून बघते. खोलीत कोणी नसतं. भीती म्हणाल तर वाटत नाही; राग येतो.

आमचे हे बोरीकडच्या मेंढपाळ घरातले. पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या नोकरीत जन्म काढला, निवृत्तीनंतर परभणीत घर केलं आणि हाती आलेला पैसा शेअरमध्ये घातला. तेव्हापासून बाजार उघडा असेपर्यंत ते मागच्या खोलीत मोबाइलसमोरून हलायचे नाहीत; भाव पडायला लागले की जिभेनं टक् टक् करायचे. जेवणही तिथंच. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

"तुम्ही टक लावून बसल्यानं तो पडायचा थांबतो का?"

"आगं, कळप बिथरला की राखणाऱ्यानं जागा सोडायची नसती. तो उठला की समदं पांगतंय."

लहानपणी माळावर शिकलेलं. पुढं कितीही आलेख बघितले तरी ते काही मनातून गेलं नाही.

बाकी त्यांना कळायचं खूप. आखातात लढाई पेटली की तेल भडकतं, तेलामुळे महागाई, महागाई आवरायला व्याज वाढणार, या धास्तीनं परदेशी लोक पैसा काढून घेतात, रुपया घसरतो; हे सगळं मला भाजी निवडता निवडता पाठ झालं होतं. "पर मागच्या मेंढराला कुठं ठाऊक असतंय, पुढचं कशाला बुजलं ते?" असं म्हणून ते हसायचे. "ते नुस्तं पळायलंय."

त्या दिवशी सकाळीच लढाईची बातमी आली आणि बाजार कोसळला. दुपारी यांनी छातीवर हात दाबून धरला. बनियन घामानं ओलंचिंब. मी रिक्षा बोलवायला निघाले, तर म्हणाले, "बाजार बंद हू दे. मग जाऊ." मी ओरडले, दंडाला धरून ओढलं, शेवटी मोबाइल हिसकावून फ्रीजवर ठेवला. तशाही अवस्थेत उठून त्यांनी तो परत घेतला. हट्टी माणूस! शेजाऱ्यांनी अक्षरशः उचलून रिक्षात घातलं, तेव्हा मोबाइल घरीच राहिला.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. स्टेशनाजवळ गर्दीत अडकलो. त्यांचे ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला. वाटलं, लेकीबद्दल काही सांगतील, नाहीतर माझ्याबद्दल.

"आता किती पडला?"

"वर आलाय," मी म्हणाले. "लय वर आलाय."

त्यांनी मान हलवली. कपाळावरची आठी गेली, आणि इतका वेळ आवळून धरलेली माझी बोटं त्यांनी सोडली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि ते गेल्याचं सांगितलं.

माझ्या एका शब्दावर ते इतके निवांत होतात हे ठाऊक असतं, तर ते खोटं मी सकाळीच बोलले असते.