मावशीच्या हातची घडी

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. मालकसुद्धा, आणि ते तर तिच्यापेक्षा चांगले दहा वर्षांनी मोठे होते. छापून आलेला भलामोठा कागद पुढे ओढायचा, कोपऱ्याला कोपरा भिडवायचा, हाडाची पट्टी एकदा दाबून फिरवायची; घडी अशी बसे की पुन्हा हात लावायला नको. पस्तीस वर्षांत शाळेची किती पुस्तकं तिच्या हाताखालून गेली याला गणती नव्हती. त्यातलं एक अक्षर तिला येत नव्हतं. कडेला छापलेल्या काळ्या खुणा बघून ती पानांचा क्रम लावायची.

येत नव्हतं म्हणजे येऊ दिलं नव्हतं. धाकट्या भावाचं नाव शाळेत घातलं आणि हिचं काढलं. भांडी कोण घासणार, मुलीला काय करायचंय शिकून, वगैरे नेहमीचं पुराण. भाऊ शिकला, साहेब झाला, आणि आता त्याला बहिणीकडे यायला सवड होत नाही. असो, साहेबांना कामं असतात.

लेकीच्या बाबतीत मात्र मावशी हट्टाला पेटली होती. लेक होतीच तशी हुशार, वर्गात कायम पहिली. शाळा संपत आली तेव्हा एका शिष्यवृत्तीची माहिती कळली. मोठ्या कॉलेजात शिकणं, राहणं, जेवणं, सगळं फुकट. पण अर्ज आयुष्यात एकदाच करता येणार. अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी नेमका लेकीचा पेपर होता. तिनं फॉर्म भरून, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आईच्या हातात दिला आणि ती पळाली.

बसमध्ये मरणाची गर्दी. पुठ्ठे चेपले, एक तर हातातून निसटून कुठे गेला कुणास ठाऊक. शिवाय एवढा मोलाचा कागद असा सुटा, लोंबता द्यायचा, हे मावशीला बघवेना. कचेरीच्या पायरीवर बसून तिनं पिशवीतली पट्टी काढली आणि जन्मात घातल्या नसतील इतक्या सुबक तीन घड्या त्या फॉर्मला घातल्या. खिडकीतल्या कारकुनानं न बघताच तो पेटीत टाकला.

महिन्यानं यादी लागली. मालकांच्या नातीचं नाव होतं; तिचा फॉर्म प्लॅस्टिकच्या पाकिटात, मोटारीतून गेला होता. लेकीचं नाव नव्हतं. मायलेकी कचेरीत गेल्या.

"हे फॉर्म यंत्र वाचतं," कारकून गठ्ठ्यातून फॉर्म काढत म्हणाला. "घडी पडली की वाचत नाही. बाद झालाय."

"पण साहेब, घडी चांगली आहे हो," मावशी म्हणाली. "सूतभर इकडची तिकडे नाही."

"अहो बाई, वर केवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय! वाचलं नाहीत?"

मावशी लेकीकडे बघायला लागली. लेकीनं हळूच वाचून दाखवलं, "या अर्जाला घडी घालू नये."

परतताना लेक एवढंच म्हणाली, "आई, मीच सांगायला विसरले गं." तिनं चार शब्द सुनावले असते तर मावशीला सोपं गेलं असतं.

लेक कारखान्यात येऊन शेजारी बसू लागली. तिच्या घड्या वाकड्या पडत. मालक कुरकुरत, पण मावशीला त्या बघून बरं वाटे. ज्याला हे काम जमत नाही, त्याला इथून कधीतरी सुटायला मिळेल, अशी एक वेडी आशा तिनं धरली होती. लेकीचा ढीग ती गुपचूप आपल्याकडे ओढायची आणि नीट करून द्यायची.

तीनेक महिन्यांनी एका दुपारी तिनं तसाच ढीग ओढला. वरचा कागद बघितला, खालचा बघितला, मधला उपसून बघितला. कुठेच नाव ठेवायला जागा नव्हती.

"वा! आईचा हात आला की पोरीला," मागून मालक म्हणाले.

मावशीनं पट्टी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर ती ढसाढसा रडायला लागली.

"आई, काय चुकलं गं माझं?" लेक तोच तोच कागद उलटून बघत विचारत राहिली.