नाम्याचं बेअरिंग

दस्तगीरमामा गेले, असा फोन आला तेव्हा मी माधवनगरच्या माझ्या गॅरेजात बेअरिंग कानाशी धरून फिरवत होतो. खरखर ऐकायची ही सवय त्यांचीच. रहिमतपूरला त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली. "माप जुळलं म्हंजी झालं न्हाई रं, जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाच," असं सारखं सांगायचे. लय जीव होता माझा त्या माणसावर...

तिथल्या सहाव्या वर्षी, गळिताच्या दिवसांत उसानं भरलेली एक ट्रॉली आली. चाकातलं टेपर बेअरिंग, म्हणजे तिरक्या रोलरचं, गेलं होतं. वळणावर ओझं एका अंगाला येतं, ते टेपरच पेलतं. आमच्याकडे त्या मापाचं नुसतं बॉल बेअरिंग होतं, गोळ्यांचं. मी म्हणालो, "मामा, हे न्हाई टिकायचं."

"कारखान्यापतुर जाईल नाम्या. बसव तू. उद्या टेपर आणतो मी."

मी बसवलं. कारखान्याअलीकडच्या वळणावर चाक निखळलं, ट्रॉली कलंडली, ड्रायव्हर पायानं कायमचा अधू झाला. मालक फुटकं बेअरिंग घेऊन दारात उभा राहिला. "कुणी बसवलं हे?"

मी मामांकडे पाहिलं. ते हात पुसत होते.

"नाम्यानं. मी टेपरच सांगितलंवतं."

अहो, बाप मानलेल्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? मी गप्प राहिलो आणि गप्प राहिलो म्हणून दोषी ठरलो. रहिमतपुरात मला कुणी पान्याला हात लावू देईना, म्हणून इकडे आलो. एक दिवस मामा येतील, कबूल करतील, अशी वेडी आशा मात्र सुटली नाही.

परवा मामींना भेटायला रहिमतपूरला गेलो. मामी आत होत्या. गॅरेजात एक अनोळखी मिस्त्री काम करत होता, आणि त्याच्या डोक्यावर खिळ्याला ते फुटकं बेअरिंग टांगलेलं होतं. मी बघतच राहिलो.

"ते व्हय? नाम्याचं बेअरिंग," तो म्हणाला. "मामा सगळ्यास्नी दाखवायचे. चुकीचं काय बसवलं की हितं तेच म्हणत्यात, नाम्याचं बसवलंस व्हय रं!"

म्हणजे इतकी वर्षं मामा रोज माझं नाव घेत होते, तेही असं. मी म्हणालो, "बसवलं नाम्यानंच. पण बसव म्हणून सांगितलं कुणी, ते विचारलंत का कवा?"

"कुणी?"

तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला, "कोण आलंय रं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आवं, नाव काय सांगू तुमचं?"