चुका विचारणाऱ्या बाई

बाई गेल्याचं मला शाळेतच कळलं. भवानीनगरजवळच्या शाळेत मी दुसरीला शिकवते. मधल्या सुट्टीत त्यांच्या यजमानांचा फोन आला. "सकाळी गेली. दोनला नेणार," म्हणाले. मी "बरं" म्हणाले आणि परत पोरांना खिचडी वाढायला लागले. मग मुख्याध्यापकांना सांगून बारामतीची एसटी धरली.

बाई मुलांसाठी गोष्टी लिहायच्या, चित्रंही स्वतःच काढायच्या. मी चौथीत असताना त्या नव्या पुस्तकाची कच्ची चित्रं घेऊन आमच्या वरकुट्याच्या शाळेत आल्या होत्या. "यात काय चुकलंय सांगा," म्हणाल्या. मी उठले.

"शेळीचं डोळं असं नसत्यात."

"मग कसे असतात?"

"बाहुली गोल नसती. आडवी असती."

गुरुजींनी माझ्याकडं रोखून बघितलं. बाईंनी मात्र विचारलं, "तुमच्याकडे शेळ्या आहेत का?"

शाळा सुटल्यावर त्या घरी आल्या. आई खुर्ची शोधत राहिली, तोवर त्या पोत्यावर बसून शेळीचं चित्र काढायलाही लागल्या होत्या. जाताना त्यांनी मला वही दाखवली. "आता?" मी म्हणाले, "कान लई मोठं झाल्यात." त्यांनी तिथंच खोडून दुसरे काढले.

पुढं मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, तरी प्रत्येक पुस्तकाआधी बाईंकडून चित्रांचं पाकीट यायचं. चुका काढ, एवढंच लिहिलेलं असायचं. मी काढायची, त्या दुरुस्त करायच्या.

शेवटचं पाकीट गेल्या दिवाळीनंतर आलं. त्यातल्या रेघा थरथरत होत्या. म्हशीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी ते दोनतीनदा बघितलं, पाकीट तसंच परत पाठवलं आणि फोन केला.

"सगळं छान आहे, बाई."

"काहीच नाही?"

"नाही."

मग म्हणाल्या, "बरं."

त्या दुपारी मी पोचले तेव्हा अंगणात बरीच माणसं होती. बाया रडत होत्या. मी बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं, उठले, भिंतीकडं जाऊन उभी राहिले. मला काहीच वाटत नव्हतं.

दहावं झाल्यावर यजमानांना भेटायला गेले. त्यांनी टेबलावरचं ते दिवाळीनंतरचं पाकीट माझ्यापुढं सरकवलं.

"हे तिनं छापायला दिलंच न्हाय."

"का?"

"तुमचा फोन आला त्या दिवशी म्हणाली, आता हिलासुद्धा माझी दया यायला लागली. मग पेन्सिल हातात घेतली न्हाय."

ते रागावलेले नव्हते. सांगायचं म्हणून सांगत होते. मी म्हणाले, "मला म्हशीच्या पायांचं दिसलं होतं."

"तिलाबी दिसलं हुतं," ते म्हणाले. मग विचारलं, "च्या घेणार?"

मी हो म्हणाले. त्यांनी स्वतः केला. साखर जास्त झाली होती, पण मी सगळा प्यायले.

ते पाकीट आता माझ्या कपाटात आहे. रडू अजून आलेलं नाही. गेल्या आठवड्यात पोरांना बाईंचं एक पुस्तक वाचून दाखवलं, पोरं हसली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्यांचं नवीन कधी येणार?"

"येणार नाही," म्हणाले आणि हजेरी घ्यायची राहिली होती, ती घेतली.