भुलाबाईच्या गाण्यावर दादाचा सॅक्स

आमच्या आंजी गावात जॅझ वाजवणारा एकच माणूस होता, आणि तो मेला.

विनूदादा. माझा मोठा भाऊ. आज त्याची पुण्यतिथी.
त्याची जागा अजून रिकामीच आहे. कुणी अर्जसुद्धा केला नाही.

आमच्या घरात गाण्याबजावण्याचं नावही नव्हतं. वांगी, टमाटर, सांबार (म्हणजे कोथिंबीर) पिकवायचं आणि वर्ध्याच्या बाजारात न्यायचं, एवढंच आमचं कल्चर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दादाला पुलगावला लष्कराच्या डेपोत नोकरी लागली. तिथल्या मेसमध्ये बँड होता. बँडमास्तरनं याच्या हातात सॅक्सोफोन दिला आणि आमचा भाऊ कामातून गेला.

रविवारी तो ते पितळी धूड घेऊन घरी यायचा. शेजारच्या काकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अगदी सिरियसली विचारलं, "विनू, मोटारचा पाइप बदलून राह्यला का?"

जॅझ म्हणजे काय, ते तो मला समजवायचा.
"गाणं घ्यायचं बाई, अन् सोडून द्यायचं. मनात येईन तिकडं जायचं. मंग पुन्हा गाण्यावर यायचं."
"अन् यासाठी मास्तर लागते?" मी म्हणायचे.

मेसच्या पार्टीत तो वाजवायचा तेव्हा साहेब लोक प्लेट हातात धरून नुसते उभे राहायचे. मी स्वतः पाहिलंय एकदा. मला काही कळलं नव्हतं, पण छाती फुगली होती.

दादाला मात्र ते पुरत नव्हतं.
त्याला आंजीनं ऐकायला हवं होतं. आणि आंजी म्हणजे मुख्यतः आमची माय.

एका वर्षी शारदा उत्सवात गावात ऑर्केस्ट्रा आला. दादानं त्यांच्याकडून थोडा वेळ मागून घेतला. मेसमध्ये शिकलेलं एक इंग्लिश गाणं सुरू केलं. डोळे मिटले. शर्ट घामानं ओला.

मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, गाणं कधी सुरू करतं?"
सगळा मंडप हसला.
अनाउन्सरनं हसतहसतच माइक काढून घेतला. मी पाहिलं तर माय उठून घरी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सांबाराच्या जुड्या बांधत बसलो होतो.
मग दादा म्हणाला, "कोजागिरी झाली का मास्तरले वाजा वापस देऊन देतो. माह्याच गावाले ऐकू नाई येत तं काऊन फुंकू?"

मला राग आला. त्याचा आला की गावाचा, अजून कळलेलं नाही.
"दादा, तू गाणं सोडून कुठं कुठं जातं, पण आमाले मुळातलं गाणंच मालूम नाई. तू सोडलं का धरलं, आमाले कसं समजन?"

दादानं हातातली जुडी खाली ठेवली.
माय जुडी बांधता बांधता एवढंच म्हणाली, "भुलाबाईचं वाजवजो. ते सगळ्याइले येते."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात. चाली एकदम साध्या. झोपेतसुद्धा म्हणता येतील अशा.

कोजागिरीला देवळासमोर चुलीवर दूध ठेवलं होतं. पोरी, बाया, म्हाताऱ्या. मायच्या हातात पळी.
दादा आला, एका बाजूला उभा राहिला आणि भुलाबाईचं गाणं वाजवलं. सरळ. एका सुराचा फरक नाही.

पोरी आधी खिदळल्या. मग गाऊ लागल्या. टिपऱ्या सुरू झाल्या.

आणि दादानं गाणं सोडलं.

माझा जीव टांगणीला लागला. आता हसतात, असं वाटलं.
पण टिपऱ्या थांबल्या नाहीत. पोरी गप्प झाल्या, टिपऱ्या चालू ठेवल्या आणि त्याची वाट पाहू लागल्या. तो वर गेला, खाली आला, कुठेतरी अडला, भलत्याच अंगानं फिरला. मग गाण्याची ओळ लागली तशा सगळ्या पोरी एकदम गायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

तो पुन्हा गेला. पुन्हा आला. म्हाताऱ्यासुद्धा माना डोलवत होत्या.

माय पळी धरून तशीच उभी. दूध बुडाला लागलं. त्या वर्षी आख्ख्या आळीनं करपट दूध प्यायलं आणि कुणी कुरकुर केली नाही.

एक काकू म्हणाली, "विनू, अजून एक बार. तसंच्या तसं."
"तसंच्या तसं नाई जमत काकू. दुसरं येईन."
आणि खरंच दुसरं आलं.

घरी जाताना मायनं विचारलं, "मधात कुठं गेलता रे बाबू?"
"इथंच तं होतो माय."
"नाई, लय दूर गेलता," माय म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

वाजा परत गेला नाही. पुढची काही वर्षं दर कोजागिरीला दादा वाजवायचा. दरवेळी वेगळं.
नंतर माझं लग्न झालं, मी वर्ध्याला आले. दोन हजारनंतर एका उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. साधी म्हणता म्हणता वाढली, आणि तो गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

आम्ही कुणीच कधी टेप केलं नाही. घरात टेपरेकॉर्डर होता. पुढच्या वर्षी आहेच की, असं वाटायचं.

आज सकाळी स्वयंपाक करताना मी ते गाणं गुणगुणत होते. ओळ येते. दादा ती सोडायचा त्या जागेपर्यंत मी बरोबर पोचते.
तिथून पुढे तो कसा जायचा, ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. गॅस बंद करून बसले. माझ्याकडे फक्त सरळ गाणं उरलंय.

दादा, तुझ्या बहिणीचा नमस्कार.
तुझ्याविना करमत नाही रे.