पाम्फिलची बस मागे जात नाही

पाम्फिल मोकानूने अकरा वर्षांपूर्वी एकच खोटं सांगितलं आणि त्या खोट्याच्या जोरावर आमच्या गर्लेनित्सा गावाचा फुटबॉल क्लब पाचव्या लीगमधून थेट दुसरीच्या उंबरठ्यावर जाऊन पोचला. गावात विचाराल तर लोक गोलकीपरचं नाव घेतील, नाहीतर पाद्रीबाबांच्या प्रार्थनेचं. गावाला काय, श्रेय वाटायला कुणीही चालतं.

पाम्फिल क्लबची बस चालवायचा. एका ऑक्टोबरात त्याने ती गुपचूप मेहुण्याच्या शेतावर नेली आणि मागच्या सीटा काढून तिच्यात सहाशे किलो कोबी भरला. हिवाळ्याच्या तोंडावर पिंपात मिठाच्या पाण्यात कोबी मुरत घातला नाही तर ते घर कसलं? चिखलातून बस मागे घेताना गिअरबॉक्समध्ये अक्रोड फुटल्यासारखा आवाज झाला आणि रिव्हर्स गिअर कायमचा गेला. दुसऱ्याच दिवशी मॅच होती. क्लबचे अध्यक्ष मिट्रोफान हे पिठाच्या गिरणीचे मालक आणि जमदग्नीचा अवतार. कोबीचं कळलं असतं तर त्यांनी पाम्फिललाच पिंपात मुरत घातलं असतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या संघाच्या मैदानाच्या फाटकाशी कोच तिबेरिउ म्हणाला, "काका, जरा मागे घ्या, म्हणजे वळून आत जाईल."

पाम्फिलने आधी इंजिन बंद केलं. मग तो गंभीरपणे म्हणाला, "मॅचच्या दिवशी बस मागे घेत नाहीत. बस मागे तर क्लब मागे."

आमच्या देशात हा शकुन मोठमोठे क्लब पाळतात, त्यामुळे कुणी हसलं नाही. पोरं तिथेच उतरली, पिशव्या घेऊन चालत गेली आणि चार शून्याने जिंकली. संपलं. त्या दिवसापासून पाम्फिल ड्रायव्हर राहिला नाही, देवाचा माणूस झाला.

क्लब वर चढत गेला तसा नियमही वाढत गेला. चौथ्या लीगमध्ये गेल्यावर बस आठवड्यातल्या कुठल्याच दिवशी मागे घ्यायची नाही असं ठरलं. पाम्फिलनेही मान डोलावली, त्याचं काय जात होतं? तिसऱ्या लीगमध्ये तिबेरिउने मागे पास देणंच बंद केलं. दिला की मैदानाला पाच फेऱ्या. गोलकीपर उलट्या पावली गोलकडे जाईना. तो चक्क चेंडूकडे पाठ करून पळायचा आणि तरी पूर्वीपेक्षा कमी गोल खायचा. सगळा संघ वेड लागल्यासारखा नुसता पुढे धावायचा, आणि असल्या लोकांशी कसं खेळायचं हे समोरच्यांना कधी कळलंच नाही.

पाम्फिलचे मात्र हाल. बारा किलोमीटरवरच्या मॅचसाठी तो चाळीस किलोमीटरचा वळसा घालायचा. जिल्ह्यातला प्रत्येक गोल चौक त्याला तोंडपाठ होता. झोपेतसुद्धा तो स्टिअरिंग फिरवायचा.

"खरं सांगून मोकळा हो," बायको अग्लाया म्हणायची. "कोबीच होता, मुडदा नव्हता."

"आता सांगितलं तर अकरा वर्षांचे कप परत मागतील."

"मग मर असाच गोल गोल फिरत."

पण यंदा सुटकेची वाट दिसत होती. दुसऱ्या लीगमध्ये गेलो तर नवी बस घेईन, असं मिट्रोफाननी चर्चमध्ये सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. नवी बस म्हणजे नवा गिअरबॉक्स. जुनी भंगारात जाईल आणि तिच्याबरोबर खोटंही. 'नवी बस, नवा नियम' हे वाक्य पाम्फिल दाढी करताना आरशासमोर म्हणून बघायचा. फक्त शेवटची मॅच जिंकायची होती आणि तोवर कुणाला काही कळायला नको होतं.

ती मॅच शनिवारी पाच वाजता, शहरात. वेळेवर पोचलो नाही तर तीन शून्याने हरल्याची नोंद होणार होती. हमरस्ता डांबरीकरणासाठी बंद होता, म्हणून पाम्फिलने एका खेड्यातून बस घातली. चर्चची भिंत एकीकडे, द्राक्षमळ्याची दुसरीकडे, मध्ये बसपुरती वाट. अर्ध्यावर आला तर समोरून अंत्ययात्रा.

पुढे पाद्री, मागे शववाहिका, तिच्या मागे सगळं खेडं. पाद्री आडवा आला की अपशकुन टळावा म्हणून आमच्याकडे शर्टाचं बटण धरतात. पोरांच्या ट्रॅकसूटला नुसत्या चेन. मग अठरा जणांनी मिळून पाम्फिलच्या शर्टाची पाच बटणं धरली.

तिबेरिउ खाली उतरून हात जोडत म्हणाला, "बाबा, तेवढी गाडी मागे घ्या."

"मेलेल्याला मागे नेत नाहीत," पाद्री म्हणाले. "घराकडे परत फिरला तर आणखी एकाला घेऊन जातो. तुम्ही घ्या."

"आमची मागे जात नाही."

याला कळलं की काय, असं पाम्फिलला वाटलं. पण तिबेरिउला शकुनच म्हणायचा होता.

मयत झालेले एव्झेबिउ चाळीस वर्षं रेफ्री होते. उघड्या शवपेटीत, काळ्या सुटात, गळ्यात शिटी. त्यांची विधवा पुढे आली. "ह्यांनी आयुष्यात दिलेला निर्णय मागे घेतला नाही," ती म्हणाली. "आता गाडी मागे घेऊ होय?"

"बरोबर आहे," आमचा गोलकीपर पुटपुटला. "आमची पेनल्टी पण नाही दिली मेल्याने."

"कुठली?" विधवा फणकारली. "ती नव्हतीच पेनल्टी. घरी येऊन सांगितलं होतं मला."

त्यावर वीस मिनिटं गेली. चार वाजले. शेवटी तिबेरिउ बसमध्ये चढला आणि पाम्फिलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, घ्या मागे. पाप माझ्या माथी. तुम्हाला कुणी शब्द बोलणार नाही."

"घ्या काका," मागून पोरं म्हणाली.

 पाम्फिलने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर खडखड होणार आणि अकरा वर्षं उघडी पडणार. तो इतका घाबरला की आवाज कापायला लागला. "अकरा वर्षं नाही घेतली," तो म्हणाला, "आज घेऊ?"

पोरांना ती श्रद्धा वाटली. दोन बचावपटू तर रडलेच.

भीतीने माणसाचं डोकं चालतं ते असं. पाम्फिल उठला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पुढच्या काचेचं रबर सोलायला लागला. मग मागच्या काचेचं. "म्हातारबांना बसमधून पलीकडे न्या," तो म्हणाला. "दफनभूमी बसच्या मागेच आहे. ते पुढेच जातील. गाडी रिकामी झाली की ती जाईना का मागे."

पाद्रीबाबांनी थोडा विचार केला. ग्रंथात याविरुद्ध काही लिहिलेलं त्यांना आठवेना.

मग एव्झेबिउ पुढच्या काचेतून आत आले, ज्यांची पेनल्टी नाकारली त्यांच्याच खांद्यावरून सीटांच्या मधून सरकले आणि मागच्या काचेतून बाहेर पडले. बारीक लोक भिंतीकडून घसटत गेले, जाडे बसमधून. विधवेने जाता जाता प्रत्येकाच्या हातावर उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद ठेवला आणि मृतात्म्यासाठी तो तिथल्या तिथे खायला लावला. शववाहिका सुरसुर मागे गेली. तिच्याकडे पाम्फिल आशाळभूतासारखा बघत राहिला.

पुढचा प्रवास काचांशिवाय. वाऱ्याची झुळूक मानेला लागली की माणूस मरतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं, त्यामुळे संघ मानेला मोजे गुंडाळून बसला. पाचला दहा कमी असताना पोचले. पोटात गहू, मानेला मोजे, आणि जिंकले दोन एकने.

जुलैत नवी बस आली. कारंज्यापाशी सगळं गाव जमलं. पाम्फिलने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते वाक्य ओठांवर तयार होतं.

"मिट्रोफानसाहेब," त्याने सुरुवात केली, "नवी बस, नवा—"

"थांब, आधी मला बोलू दे," मिट्रोफान म्हणाले.  "त्या दिवशी तू जे केलंस ते माझा सख्खा भाऊ करणार नाही. गॅरेजवाले म्हणाले, असं कुणी करत नाही हो. मी म्हटलं, तुम्ही आमचा पाम्फिल पाहिला नाही. पुन्हा कधी तुला कुणी मोहात पाडायला नको. रिव्हर्स गिअर काढूनच टाकायला लावला."

त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. पाम्फिलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते बघून मिट्रोफानही रडले आणि सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या.