वरनं पेटवायची काडी

टाकवे बुद्रुकचा जावेद मुलाणी वाळल्या गवताचा धंदा करतो. डोंगरउतारावरचं उभं गवत मालकाकडनं घ्यायचं, कापून भारे बांधायचे आणि टेम्पोत रचून देहूरोडकडच्या गोठ्यांवर टाकायचं, हा त्याच्या बापापासूनचा उद्योग. गडी अंगानं हडकुळा, जिभेनं गोड, आणि सदऱ्याला बारा महिने कुसळं टोचलेली. त्या कुसळांनीच त्याला बेजार केलं. मागं एकदा गोठेवाल्यानं भारा सोडून बघितला आणि टेम्पो माघारी फिरवायला लावला.

"जावेदभाऊ, हे गवत हाय का सुया? म्हशीच्या तोंडातनं रगत आलंय."

गवत असं का झालं, हे त्याला लोणावळ्याच्या एका बैठकीत कळलं. तिथं वणव्यांचा अभ्यास करणारी प्रतीक्षा नावाची बाई आली होती. तिनं सांगितलं, दरसाल डोंगर पेटवला की मारवेल, पवना ही चवीची गवतं मागं हटतात आणि कुसळी माजते. कुसळीचं बी टोकानं मातीत शिरून बसतं, वरची आग त्याला लागत नाही. जावेद तिथनं उठला तो गावोगाव हेच सांगत सुटला.

"तुला गवत पायजे म्हनून आमी डोंगर राखायचा व्हय?" लोक तोंडावर बोलायचे.

"व्हय," जावेद म्हणायचा. "मला गवत पायजे, तुमाला गवताचं पैसं पायजेत. ह्यात लपवायचं काय?"

लोक हसायचे आणि शिमग्याच्या सुमाराला डोंगर पेटायचे ते पेटायचेच.

सगळ्यात मोठी वरकस वडिवळ्याच्या हौशीरामआबांची. वरकस म्हणजे डोंगरअंगाची, भात न पिकणारी, गवताची जमीन. जावेदचं निम्मं गवत त्याच उतारावरचं. आबांनी यंदा काडी लावली नाही तर धंदा तरणार होता, लावली तर टेम्पो विकून दुसऱ्याचा चालवायची पाळी होती. म्हणून मळणी उरकल्यावर तो आबांच्या घरापुढच्या खळ्यावर जाऊन बसला. मीही वडिवळ्याचाच, गेलो होतो गंमत बघायला.

जावेदनं शाडूच्या मातीची एक लादी काढली. तिच्यात आगपेटीतल्या काड्या दाट रोवलेल्या, गुल वर. प्रतीक्षाबाईनं बैठकीत असंच दाखवलं होतं. त्यानं लादी उतरती धरली आणि खालची काडी पेटवली. सर्रकन आग शेंड्याला गेली.

"आता दुसरी लादी. ही वरनं पेटवतो बघा."

आग दोन-चार काड्या खाली उतरली आणि विझली.

"पोरांचा खेळ हाय," आबा म्हणाले. "काड्या कुनी घेतल्या? माज्या चुलीजवळच्या दिसत्यात."

"तुमच्याच हायेत," आतनं चहा घेऊन येत आबांच्या कारभारीण बयाबाई म्हणाल्या. "मीच दिल्या. अन् खेळ कसला? राब भाजताना तुमी ह्येच करता की. वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं, दमादमानं जळू द्यायचं. मी जरा घाई केली की अंगावर येता."

राब म्हणजे भाताची रोपं टाकायची जागा. शेण, पाला, गवत पसरून ती भाजतात, मग तण उगवत नाही. मावळात हे लहान पोरालाही ठाऊक.

जावेदनं कप खाली ठेवला. "आबा, राबाला उलटी आग, मग डोंगराला खालनं का?"

आबांनी चहा बशीत ओतला. "राबाजवळ मानूस उभा ऱ्हातो. डोंगराला काडी लावून घरी यायचं असतंय. तितं कोन बसलंय रात्रभर राखत?"

मला हसू आवरेना. बयाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. आबा चिडले नाहीत, पण हटलेही नाहीत. "माज्या गुरांना उन्हाळ्यात हिरवा कोंब कुटनं आनू? डोंगर जाळला तरच फुटतो त्यो."

"सगळा नका जाळू," जावेद म्हणाला. "कडंकडंनं एक पट्टा भाजा, राबासारखा. उभं ऱ्हाऊन. कोंब तितं फुटंल. आन् पलीकडनं वणवा आला तर पट्ट्यावर त्याला खायला काय घावणार न्हाई."

"माजं गवत, माजा पट्टा, अन् शानपना तुजा?"

"शानपना त्या बैठकीतल्या बाईचा. मी निस्ता हमाल."

ह्यावर आबा हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वनरक्षकाला पट्टा भाजणार म्हणून सांगून ठेवलं, कारण वरच्या अंगाला सरकारी रान आहे. पौषात, दव असताना, सकाळी पट्टा भाजला. आबांनी कारभार असा हातात घेतला की जावेदला ओली फांदी धरून गप उभं राहण्यापलीकडे काम उरलं नाही. "वरनं! वरनं लाव, मुडद्या!" हे वाक्य त्या सकाळी खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं असेल.

शिमग्यात शेजारच्या डोंगराला कुणीतरी काडी लावली. भर दुपारी, वारा आमच्याकडं. आम्ही फांद्या घेऊन पळत गेलो. जाळ माणसापेक्षा उंच होता आणि आवाज असा, जसा पत्र्यावर पाऊस. पट्ट्याशी आला आणि बसला. उडालेल्या ठिणग्यांनी अलीकडं गवत धुमसलं, ते आम्ही बडवून विझवलं. जावेदचे ओठ काळे पडले होते. आबांनी त्याच्याकडं बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "पट्टा जरा रुंद पायजे व्हता."

"फुडल्या साली करू."

"करू न्हाई. करायचाच."

पावसाळ्यानंतर उतारावर कुसळी होतीच, ती एका सालात जात नाही. पण ओघळीच्या कडेनं पवना गुडघ्याएवढा आला होता. जावेदनं तेवढा वेगळा कापला आणि देहूरोडला नेला. गोठेवाल्यानं आधी हातानं चाचपलं, मग म्हशीपुढं पेंढी टाकली. पेंढी संपेपर्यंत म्हशीनं मान वर केली नाही.

"अजून असलं हाय?"

"थोडंच हाय," जावेद म्हणाला. "बाकीचं कुसळाचं. ते तुमाला देनार न्हाई."

गोठेवाल्यानं पुढल्या सालचं गवत त्यालाच सांगून ठेवलं. जावेद येताना वडिवळ्याला थांबला आणि आबांना म्हशीची हकिकत सांगितली. आबांनी ती तीनदा ऐकून घेतली.