बार की भांडं

माकणीच्या धरणावर वडील खडकात सुरुंगाचे बार भरायचे. लहानपणी धडाम असा आवाज आला की आई विचारायची, "बार की भांडं?" तोच आवाज दूरच्या सास्तूर गावाहून आलेल्या माणसानेही ऐकला असेल तर तो बार, नाही तर शेजारच्या घरात फळीवरून भांडं पडलं, असा आमच्या घरचा निकाल असे.

पुढे भौतिकशास्त्रात संशोधन करताना हाच निकष पुन्हा समोर आला. आकाशात कुठे तरी, पापणी लवण्याआत, गॅमा किरणांचा स्फोट होतो. वातावरण तो खाली येऊ देत नाही. म्हणून उपग्रहांवरची उपकरणे त्याची वाट पाहत असतात. पण एकाच उपग्रहाच्या आलेखात अचानक वर उसळलेला काटा खरा की उपकरणाची खोड, हे सांगता येत नाही. दूरच्या दुसऱ्या यानानेही तो टिपला असेल, तरच बार.

आमच्या मार्गदर्शकांनी एका उपग्रहाच्या वर्षभराच्या नोंदींचे दोन वाटे केले होते. पहिले सहा महिने माझे, उरलेले माझ्या पुण्याच्या मैत्रिणीचे. जिला आधी असा स्फोट सापडेल, ती परदेशातल्या परिषदेला जाणार होती. माझ्या वाट्याचा एकूण एक काटा भांडं निघाला. तिला मात्र पहिल्याच आठवड्यात असा एक सापडला की पाहताक्षणी मलाही तो खरा वाटला. कष्ट माझे अधिक होते. वाटणीत आकाश तिच्याकडे गेले होते, एवढेच.

मी सुट्टीला गावी असताना ती आलेखांची गुंडाळी घेऊन एसटीने माकणीला आली. शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या नोंदी नुकत्याच हाती आल्या होत्या.

"सर म्हणाले, आधी तिला हा काटा खोटा पाडून पाहू दे. तिच्या हातून टिकला तर परिषदेला पाठवू," ती हसत म्हणाली. सर मला चांगले ओळखत होते.

तिच्या नमस्काराला 'जय भीम' म्हणत आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दुष्काळात गावाला टँकरचे पाणी होते. माझ्या अर्ध्या बादलीवर कुरकुरणाऱ्या आईने तिच्या अंघोळीला भरली घागर काढली.

"लई गुणाची पोर हाय. बोलती किती मऊ!" आई म्हणाली.

"आणि मी?"

"तू व्हय? तू फौजदार."

फौजदारासारखीच मी ओसरीवर आलेख पसरून बसले. शुक्राजवळच्या यानातही काटा होता, पण उशिरा. दोन यानांमधले अंतर कापायला प्रकाशाला जितका वेळ लागतो, त्याहूनही उशिरा. एकच स्फोट दोघांना दिसला असेल, तर हे अशक्य. मी आकडेमोड पुन्हा केली. उत्तर तेच आले आणि मला खोल, गोड आनंद झाला.

"भांडं," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "नक्की ना गं?"

त्या 'नक्की'ने घात केला. मी वेळेच्या रकान्याचे शीर्षक वाचले. ती यानावरची वेळ नव्हती. यानाचा संदेश पृथ्वीवर पोचल्याची होती. म्हणजे संदेशाच्या प्रवासाचा काळ वजा करायला हवा होता. मी तो मनातच वजा केला. उशीर मर्यादेच्या आत आला.

हे तिला दिसले नव्हते. मी गप्प राहिले असते, तर परिषदेची जागा मोकळी राहिली असती. पण उद्या कोणी परक्याने हीच वजाबाकी केली असती, तर चूक माझ्या नावावर लागली असती. तिच्या मागे राहणे मला सहन झाले असते; कच्च्या गणिताच्या मागे नाही.

"थांब. भांडं नाही. बार आहे," मी म्हणाले आणि वजाबाकी तिच्यापुढे सरकवली.

ती मला मिठी मारणार, तेवढ्यात अजून पुऱ्या न झालेल्या धरणावर खरोखरचा बार उडाला. ती दचकून खांबाला बिलगली.

"भिऊ नगं, लेकी," आई आतून धावत आली. "बार हाय. ही न्हाय भेत, बघ. हिला सवय हाय."

मी आलेखांची गुंडाळी नीट बांधून तिच्या हाती दिली. तिच्या वाट्याच्या घागरीत अजून पाणी शिल्लक होते. त्याने मी माझे हात धुतले, आणि आईला विचारले नाही.